घोडी का अडली?

लहानपणी बहुतेकांनी ऐकलेले एक कोडे आहे. भाकरी का करपली, पान का सडले आणि घोडा का अडला, या तिन्ही प्रश्नांचे उत्तर एकच: न फिरवल्यामुळे. वयाच्या ५२व्या वर्षी पुण्यातल्या एका पागेत आम्ही घोडेस्वारी शिकू लागलो, तोवर हे उत्तर आम्हांला पुरेसे वाटत असे. आता वाटत नाही. आमच्या वाट्याला आलेली घोडी आम्ही नेमाने फिरवत होतो, आणि ती अडली ती त्या फिरवण्यामुळेच.

घोडी शर्यतीतून निवृत्त झालेली, तांबूस रंगाची. डावीकडच्या वर्तुळात ती बरी चाले. उजवीकडे वळायचे म्हटले की पाठ फळीसारखी ताठ. माणूस जसा डावरा वा उजवा असतो तसा घोडाही एका बाजूला अधिक लवचिक असतो, असे आम्ही वाचले होते. लवचिक होणे म्हणजे मान वळणे, असा सोयीस्कर अर्थ लावून आम्ही उजवा लगाम ओढत राहिलो. तिसऱ्या आठवड्यात मोतद्दाराने तिचे तोंड आमच्याकडे वळवून दाखवले. ओठाच्या उजव्या कोपऱ्यात लगामाची कडी घासून जखम झाली होती. तो काहीच बोलला नाही.

आमचे शिक्षक लष्करातले निवृत्त रिसालदार. त्यांनी जखम पाहिली आणि आमच्या हातून लगाम काढून घेतला. म्हणाले, "साहेब, मान कुणीही ओढून वळवील. घोडं वळलं पाहिजे." जखम भरेपर्यंत घोडीच्या तोंडात कडी नाही, लांब दोर रिसालदारसाहेबांच्या हाती, आणि आम्ही कमरेवर हात ठेवून २० मीटरच्या वर्तुळात गोल गोल. चौथ्या दिवशी ते म्हणाले, "तुम्हीच डावीकडं कलून बसता. ती उजवीकडं वळंल कशी?" वर्षानुवर्षे खुर्चीत एका अंगावर रेलून बसलेले आमचे शरीर असे पकडले गेले. घोडीचा म्हणून आम्ही जो ताठरपणा काढायला निघालो होतो, त्यातला निम्मा तरी आमचा होता.

'ड्रेसाज' हा शब्द फ्रेंच. त्याचा अर्थ तालीम. २०२३ साली हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत भारतीय चमूने याच प्रकारात सांघिक सुवर्णपदक मिळवले, तेव्हा घोडे जणू नाचताना अनेकांनी पाहिले. त्या नाचाच्या मुळाशी मात्र हे कंटाळवाणे व्यायाम असतात. जर्मन पद्धतीत तालमीच्या सहा पायऱ्या मानतात. पहिली लय, दुसरी लवचिकता. या दुसरीला त्यांचा जो शब्द आहे, त्याचा धात्वर्थ 'सोडून देणे' असा आहे, हे कळले तेव्हा आम्ही चपापलो. आम्ही तर पकडत होतो.

कडी परत आली तेव्हा व्यायाम बदलले. वर्तुळ हळूहळू लहान करीत न्यायचे आणि पोटरीच्या हलक्या दाबाने पुन्हा मोठे करायचे. कदम, दुडकी, पुन्हा कदम. मग खांदा आत घेण्याचा धडा. भिंतीलगत चालताना घोड्याचे पुढचे पाय सुमारे ३० अंशांत आत आणायचे, मागचे भिंतीशीच ठेवायचे. समोरून पाहणाऱ्याला चार पायांच्या तीन रेषा दिसतात. आतला मागचा पाय भाराखाली येतो, वाकतो, आणि खांदा मोकळा होतो. फ्रेंच अश्वशिक्षक गेरिनियेर यांनी अठराव्या शतकात आपल्या ग्रंथात हा धडा सविस्तर मांडला. घोड्याला द्यायच्या धड्यांत तो पहिलाही आहे आणि शेवटचाही, असे त्यांचे मत होते. यात आतला लगाम ओढून काहीच साधत नाही. घोड्याची मान सहज वाकते, पाठीचा कणा फारसा वाकत नाही. म्हणून ओढलेली मान स्वाराला वळल्याचा भास तेवढा देते.

दोन महिन्यांनी एका सकाळी, उजव्या बाजूला, घोडीने नाकातून लांब फुरफुर केली आणि मान खाली सोडली. पाठ आमच्याखाली हलू लागली. चार पावले. पाचव्या पावलाला आनंदाने आमची मूठ आवळली गेली, आणि ती पुन्हा ताठ झाली. रिसालदारसाहेब हसले. "तिनं सोडलं होतं. तुम्ही पकडलंत."

तेव्हा कोड्याच्या उत्तरात आम्हांला थोडी भर घालावीशी वाटते. फिरवले पाहिजे हे खरेच. पण भाकरीसुद्धा हात हलका ठेवूनच फिरवावी लागते, नाहीतर मोडते. घोडीच्या ओठाची जखम केव्हाच भरली. तिथे केस न उगवलेला एक लहानसा ठिपका राहिला आहे. लगाम चढवताना आमचे बोट आधी तिथे जाते. ती मान बाजूला घेत नाही, याचे आम्हांला अजून नवल वाटते.