सोमवारी चूल बंद

आईचं विमान मार्सेयला उतरलं तो सोमवार होता. तिकीट स्वस्त पडलं म्हणून मीच तो दिवस निवडला. या गावात राहून 11 वर्षं झाली, तरी इथला सोमवार म्हणजे काय हे ऐन वेळी डोक्यातून गेलं. बायकोची दुपारपाळी, घरात स्वयंपाक नाही. म्हटलं, पहिल्याच संध्याकाळी आईला गावातलं चांगलं हॉटेल दाखवू. साडेसहाला निघालो. पहिल्या हॉटेलाला कुलूप. दुसऱ्याच्या दारावर पाटी: रविवार रात्र आणि सोमवार बंद. तिसरं उघडं होतं, पण तिथं नुसतं पिणं. जेवण साडेसातनंतर, आणि सोमवारी तेही नाही. चौथ्याच्या पायरीवर आई बसली.

"कामून रे," ती म्हणाली, "गावात कोणी वारलं का?"

त्या रात्री आम्ही वसमतहून आलेले धपाटे खाल्ले, शेंगदाण्याच्या चटणीबरोबर.

गावाचं नाव मानोस्क. फ्रान्सच्या दक्षिणेला, दुरांस नदीच्या खोऱ्यात. वस्ती 22 हजारांच्या आसपास, म्हणजे आपली हिंगोली याच्या चौपट भरेल. जाँ जिओनो नावाच्या मोठ्या कादंबरीकाराचं हे गाव. बाप चांभारकाम करायचा, मुलगा आधी बँकेत कारकून होता. जुनं गाव नासपतीच्या आकाराचं आहे असं इथले लोक सांगतात. वेशी दोन शिल्लक आहेत, तट गेला, त्या जागी गोल रस्ता आला.

आम्ही इथं आलो ते इटरमुळे. मेव्हण्याला हे नाव पहिल्यांदा फोनवर सांगितलं तेव्हा तो म्हणाला, "ईटर? म्हणजे खायचीच नोकरी की!" लॅटिनमध्ये त्या शब्दाचा अर्थ वाट. सूर्यात जी ऊर्जा तयार होते ती जमिनीवर करून बघायची, असा हा प्रयोग. युरोपसह सात भागीदार, त्यात भारत 2005 च्या डिसेंबरपासून. सगळ्या यंत्राला पोटात घेणारं भलंमोठं भांडं, क्रायोस्टॅट, हे भारताच्या वाट्याचं. सुमारे 3,850 टन वजनाचं, जवळपास 30 मीटर उंच. त्याचे तुकडे गुजरातेत हझिऱ्याला घडले आणि जहाजानं इकडे आले. 2020 च्या मे महिन्यात त्याचा 1,250 टनांचा तळ खड्ड्यात उतरवला, तेव्हा आम्ही भारतातले सगळे श्वास रोखून उभे होतो. इतकं अवघड काम करणारी माणसं संध्याकाळी मात्र एकमेकांना एकच प्रश्न विचारतात: जेवायला कुठं जायचं? दुपारी कामावर कँटीन असतं. रात्रीचं ज्यानं त्यानं बघायचं.

माझी स्वतःची सुरुवात फार शहाणपणाची नव्हती. पहिल्याच आठवड्यात गावाच्या मध्यावर एका दगडी इमारतीवर ठळक अक्षरात 'ओतेल द व्हील' वाचलं. गावचं हॉटेल म्हणजे सगळ्यांत जुनं आणि भरवशाचं असणार, असं समजून आत गेलो. ती नगरपालिका होती. खिडकीतल्या बाईंनी मला जन्मदाखल्याचा अर्ज दिला.

मग मी वडिलांची रीत धरली. ते हळदीच्या गाडीबरोबर वसमतहून सांगलीला जायचे. अख्ख्या रस्त्यात कुठं जेवायचं हे ते पाटी वाचून ठरवत नसत. ढाब्यासमोर ट्रक किती, आणि ड्रायव्हर तिथं अंघोळ करतात का, एवढं बघायचे. अंघोळ करणारा ड्रायव्हर घाईत नसतो, आणि जो घाईत नसतो त्याला शिळं देऊन फसवता येत नाही, असा त्यांचा हिशेब.

हा हिशेब फ्रान्सनं छापील करून ठेवलाय हे मला फार उशिरा कळलं. टायरच्या कंपनीनं 1900 साली काढलेलं मिशलँचं पुस्तक जगाला ठाऊक आहे, त्यातले तारेही 1926 पासूनचे आहेत. पण ट्रकवाल्यांचं वेगळं पुस्तक आहे, 'ले रुतिए', 1934 सालापासूनचं. त्यातल्या खानावळीवर तांबडी-निळी गोल पाटी असते. लांबच्या रस्त्यावर ती पाटी आणि तिच्यासमोर दहा-बारा मोठ्या गाड्या दिसल्या की डोळे मिटून आत जावं. 15-16 युरोंच्या घरात सुरुवातीचं, मुख्य ताट, चीज, गोड आणि कॉफी. लांब बाकावर अनोळखी माणसाच्या शेजारी बसायचं, पावाची टोपली इकडून तिकडे सरकवायची. मला तिथं पहिल्यांदा फ्रान्समध्ये पोटभर वाटलं.

पण हे मांसाहारी माणसाचं सुख. आईच्या गळ्यात तुळशीची माळ आहे. आमचं घर नर्सीच्या नामदेवाचं. आजोबांपासून वारी. तांबड्या-निळ्या पाटीच्या खानावळीत तिच्यासाठी पाव आणि गाजराचा कीस निघाला. ड्रायव्हर लोकांनी तिला जागा करून दिली, एकानं पाण्याचा जग पुढे सरकवला. इथल्या हॉटेलात नळाचं पाणी मागितलं तर त्याचे पैसे घेता येत नाहीत, तसा कायदाच आहे. आईला या देशाची ही एक गोष्ट मनापासून आवडली. "पाणी फुकट देतेत," ती गावाकडे फोनवर सांगत होती, "पावही. पण वरण म्हणून काही नाही."

गावातल्या हॉटेलांसाठी मात्र दुसरी पारख लागते, कारण गल्लीत ट्रक येत नाहीत. मी तीन गोष्टी बघतो. दारात काळा फळा असावा आणि त्यावरचं अक्षर खडूचं असावं, छापील नव्हे. पदार्थ मोजके असावेत. सहा टेबलांच्या जागेत चाळीस पदार्थ मिळत असतील तर ते फ्रीजरमधून येतात, दुसरं कुठून येणार? 'घरी केलेलं' अशी खूण इथं 2014 सालापासून कायद्यानं ठरवून दिली आहे. पातेल्यावर झाकण म्हणून घराचं छप्पर, असं चित्र. ते असलं तर बरंच, पण त्यावर फार विसंबू नये. कच्चा माल गोठवलेला चालतो, एवढी पळवाट तिच्यात आहे. आणि तिसरं, चार भाषांत मेन्यू आणि दारात उभा राहून बोलावणारा माणूस दिसला की पुढे चालू लागावं. लॅव्हेंडर बघायला येणाऱ्या पर्यटकांसाठी ती सोय असते.

भारतीय हॉटेल नाही का, असं कोणी विचारेल. फ्रान्सभर आहेत. तिथला मुख्य पदार्थ म्हणजे पोटात चीज भरलेली नान. जवळच्या मोठ्या शहरात मी आईला अशा एका ठिकाणी नेलं. तिनं नान उलगडली, आतला पांढरा लगदा बघितला आणि विचारलं, "हे कुठल्या राज्यातलं?" मला उत्तर देता आलं नाही.

सगळ्यांत वाईट संध्याकाळ मात्र एका फळावाल्या, मोजक्या पदार्थांच्या, माझ्या तिन्ही परीक्षांत उतरलेल्या हॉटेलातच घडली. मी दोनदा सांगितलं, मांस नको. सॅलड आलं. पानांखाली डुकराच्या मांसाचे बारीक तुकडे. वाढणारा पोरगा मनापासून गोंधळला. त्याच्या मते ते मांस नव्हतं, चवीपुरतं होतं. आपल्याकडे फोडणीतल्या मोहरीला कोणी भाजी म्हणत नाही, तसं. मला चांगलाच राग आला. आईनं ताट शांतपणे माझ्याकडे सरकवलं. "परत पाठवू नको. अन्न आहे. तुझ्या गळ्यात माळ नाही, तू खा." तिनं पाव पाण्याबरोबर खाल्ला.

चीजबद्दल मी तिच्याशी पहिले चार दिवस लबाडी केली. इथून जवळच बानों नावाचं गाव आहे. तिथलं शेळीच्या दुधाचं चीज चेस्टनटच्या पानात गुंडाळून दोऱ्यानं बांधतात. पळसाच्या पानातलं काही असावं तसं दिसतं, म्हणून आईला ते बघताक्षणी आवडलं. पण फ्रान्समधली बहुतेक जुन्या पद्धतीची चीजं जनावराच्या पोटातल्या द्रवानं दूध फाडून करतात. पाचव्या दिवशी मी ते सांगितलं. ती काही बोलली नाही. त्या दिवशी एकादशी नव्हती, तरी तिनं उपास केला.

यानंतर मी हॉटेल शोधायचं सोडलं आणि माणूस शोधला. वेशीच्या आतल्या गल्लीत एक म्हातारं जोडपं जेवण देतं. सहा टेबलं. नवरा आत, बायको बाहेर. मी तिथं अधूनमधून एकटा जायचो. या वेळी दोन दिवस आधी गेलो, तेही जेवणाच्या वेळेत नव्हे, दुपारी चारला, चुली बंद असताना. सगळं सांगितलं: माळ, मांस नाही, मासे नाहीत, अंडं नाही, आता चीजही नाही. मादाम हसतील असं वाटलं होतं. त्यांनी वही काढली आणि विचारलं, "मग घरी काय खातात?"

हा प्रश्न मला 11 वर्षांत कोणी विचारला नव्हता. मी म्हटलं, ज्वारी, डाळी, हरभऱ्याचं पीठ. पिठाशी त्या थांबल्या.

त्या शुक्रवारी साडेसातला आम्ही पोचलो. मे महिन्याची अखेर, सूर्य नऊनंतर मावळणार होता, त्यामुळे आईला ते रात्रीचं जेवण वाटेचना. ती दिवेलागणीनंतर जेवणारी, आणि इथं दिवे लागायचं नाव नाही. पुढ्यात आधी सूप आलं: शेंगा, घेवड्याचे दाणे, दुधी, आणि वर खलबत्त्यात कुटलेला हिरवा गोळा. तिनं वास घेतला आणि चमचा खाली ठेवला. "तुळस शिजवतेत?" मी समजावलं की ही तुळशीची बहीण, आपल्याकडे हिला सब्जा म्हणतात, फालुद्यात बी घालतात ती. नीट बघून, पान उलटून, खात्री करून मग ती जेवली. बाकीच्या टेबलांवर त्या दिवशी आयोली होतं, शुक्रवारचा नेम: उकडलेल्या भाज्या, खारवलेला मासा आणि लसूण-अंड्याचं दाट लावण. आईला त्यातल्या नुसत्या भाज्या, वर ऑलिव्हचं तेल.

आणि मग पानिस आलं. मार्सेयकडचा पदार्थ. हरभऱ्याचं पीठ पाण्यात शिजवायचं, थापून गार करायचं, कापून तळायचं. आईनं एक तुकडा मोडला, तोंडात टाकला, आणि बराच वेळ काही बोलली नाही.

"पाटवडी आहे," ती शेवटी म्हणाली. "बाई मसाला घालायला विसरली."

मी हे मादामना भाषांतर करून सांगितलं, थोडं मऊ करून. पुढच्या शुक्रवारी आई पिशवीत काळा मसाला आणि वसमतची हळद घेऊन गेली. या हळदीला 2024 साली भौगोलिक मानांकन मिळालं हेही मी अभिमानानं सांगितलं. मादामना मानांकनात रस नव्हता, त्यांच्याकडे प्रत्येक चीजला ते असतं. त्यांनी डबी उघडून वास घेतला आणि आत नेऊन नवऱ्याला दिली. आई आषाढीआधी परत गेली, वारी चुकवायची नव्हती. तोपर्यंत आम्ही पाच शुक्रवार तिथं जेवलो. फळ्यावर आता कधीकधी पिवळं पानिस लिहिलेलं असतं. मसाला अजून कच्चाच राहतो, हे मी मादामना सांगितलेलं नाही.

आता तुमच्याशी काम आहे. माझ्याबरोबर निर्वात नळ्यांवर काम करणारा एक फ्रेंच इंजिनीअर येत्या हिवाळ्यात भारतात यायचं म्हणतोय. औंढा नागनाथजवळ दुधाळ्याला लायगो उभं राहतंय. गुरुत्वलहरी पकडायच्या चार-चार किलोमीटर लांबीच्या दोन भुजा. केंद्रीय मंत्रिमंडळानं 2023 च्या एप्रिलमध्ये त्यासाठी 2,600 कोटी रुपये मंजूर केले. गांधीनगरची जी प्लाझ्मा संशोधन संस्था भारताच्या वतीनं इटरचं काम बघते, तीच लायगोतही आहे, तेव्हा त्याचं कुतूहल साहजिक आहे. त्यानं मला पहिला प्रश्न विचारला तो लहरींबद्दल नव्हता. औंढ्यात रात्री जेवायला चांगलं कुठं मिळतं?

मला सांगता आलं नाही. मी गाव सोडल्याला आता बरीच वर्षं झाली, माझ्या आठवणीतल्या खानावळी बंद पडल्या असतील किंवा त्यांचे रेस्टॉरंट झाले असतील. सोमवारी जाऊ नको, दर्शनाची गर्दी असते, एवढंच मी त्याला सांगितलं. त्यावर तो म्हणाला, सोमवारी तर बंदच असेल ना? औंढ्याच्या, हिंगोलीच्या, कळमनुरीच्या वाचकांना विनंती आहे, की ज्वारीची गरम भाकरी, पिठलं आणि ठेचा मिळेल अशी एखादी जागा ठाऊक असेल तर कळवा. ट्रक उभे राहत असतील तर तेही लिहा. तिखट त्याला चालतं, काळ्या मसाल्याची त्याला सवय झाली आहे. तोही शुक्रवारी मादामकडेच जेवतो.