साखळीची पारख

१९७२ साली मराठवाड्यात भीषण दुष्काळ पडला. तेव्हा मी तेरा वर्षांचा होतो. अंबडजवळच्या आमच्या खेड्यातील विहिरी आटल्या होत्या. दूरच्या मळ्यातून सायकलीवर पाणी आणणे हे माझे काम होते.

सायकल जुनी होती. तिचे फ्रीव्हील निकामी झाल्यामुळे कारागिराने तेथे साधे दातेरी चक्र पक्के बसविले होते. त्यामुळे चाक फिरे तोवर पेडलही फिरत. ब्रेक नव्हतेच, पेडल पायांनी रोखूनच वेग आवरावा लागे. चालविणारी आणि थांबविणारी वस्तू एकच होती, ती म्हणजे साखळी.

ती झिजली, म्हणून अण्णांनी नव्या साखळीसाठी पैसे दिले. मी मात्र तेल चोळून चकाकविलेली जुनी साखळी स्वस्तात घेतली आणि उरलेल्या पैशांची गोष्टींची पुस्तके आणली. तिसऱ्याच दिवशी मागे धाकटी बहीण बसलेली असताना, ऐन उतारावर साखळी दात्यांवरून उतरली. सायकल आवरेना. आम्ही खडीवर कोसळलो आणि बहिणीचा हात मोडला.

अण्णा रागावले नाहीत. ते मला कारागिराकडे घेऊन गेले. त्याने ती साखळी ताणून मोजपट्टीवर ठेवली.

"बाळ, एका पिनेपासून दुसरीपर्यंत अर्धा इंच. २४ कड्यांचे १२ इंच भरले पाहिजेत. १/८ इंच वाढ दिसली, की साखळी टाकावी. पोलाद ताणले जात नाही; आतल्या पिना झिजतात. त्या वरून दिसत नाहीत."

माझी साखळी सव्वाबारा इंच भरली.

मग त्याने नवी साखळी निवडली. तिची रुंदी दात्यांच्या जाडीशी जुळवून पाहिली. प्रत्येक कडी सहज वळते ना, हे बोटांनी तपासले. झिजलेले चक्रही बदलले, कारण झिजलेले दाते नवी साखळीही लवकर खातात. जोडकडीची क्लिप बसविताना तिचे बंद टोक साखळी ज्या दिशेने धावते त्या दिशेला ठेवले. शेवटी अण्णांच्या सांगण्यावरून त्याने पुढच्या चाकाला ब्रेकही लावला.

धावपट्टीवरील शर्यतींच्या सायकलींना आजही फ्रीव्हील नसते आणि ब्रेकही नसतो. परंतु ती मोकळी धावपट्टी असते, वर्दळीचा रस्ता नव्हे.

बहिणीचा हात सांधला. तरी पावसाळा आला, की तो ठणकतो. तिने तक्रार कधीच केली नाही. त्या सायकलीचे पैसे कसे उरले, हे मी तिला पुष्कळ वर्षांनी सांगितले. ती हसली, मला मात्र हसता आले नाही.