या आठवड्यात काय शोधलंत?

‘तू नक्की करतोस काय?’

लग्नात जेवणाचं ताट हातात घेऊन उभं असताना हा प्रश्न आला की मी सरळ बासुंदीकडे वळतो. ‘फ्रीलान्स जर्नालिस्ट’ असं सांगितलं की समोरचे काका ‘म्हणजे अजून नोकरी नाही’ असा अर्थ काढतात आणि पाठीवर हात ठेवतात. पण मधली वर्ष-दीड वर्षं माझ्याकडे या प्रश्नाचं एकदम झकास उत्तर होतं. मी सांगायचो, ‘काका, लोक काय शोधतात ते मी शोधतो.’

खोटं नव्हतं ते. एका वेबसाइटसाठी मी दर आठवड्याला एक कॉलम लिहायचो. या आठवड्यात आपल्या देशाने इंटरनेटवर काय काय शोधलं? दहा आयटम, प्रत्येकी चार ओळी, वर एक चुरचुरीत इंट्रो. रविवारी रात्री बाराच्या आत मेल करायचा, म्हणजे सोमवारी सकाळी लोकलमध्ये लटकत तुम्ही तो वाचायला मोकळे. मानधन? त्यात डोंबिवली ते सीएसएमटी पास निघायचा. पुढचं विचारू नका.

तसा हा प्रकार जुना आहे. लायकॉस हे सर्च इंजिन जोरात होतं तेव्हा, १९९९ मध्ये, त्यांनी ‘लायकॉस ५०’ नावाची साप्ताहिक यादी सुरू केली. २००१ मध्ये गूगलने ‘झाइटगाइस्ट’ आणलं. जर्मन शब्द, अर्थ काळाचा आत्मा वगैरे. मग २००६ मध्ये गूगल ट्रेंड्स आलं आणि काळाचा आत्मा माझ्यासारख्या कुणालाही घरबसल्या, चहा पीत पीत बघता यायला लागला.

यात एक मेख आहे, ती मला पहिल्याच महिन्यात कळली. लोक सगळ्यात जास्त जे शोधतात ते छापण्यासारखं नसतंच. (तुमच्या मनात आलं ते नव्हे!) यूट्यूब, फेसबुक, व्हॉट्सॲप वेब, हवामान, ट्रान्सलेट. गूगलवर जाऊन ‘गूगल’ टाइप करणारेही ढिगाने आहेत. दर आठवड्याला तेच ते. म्हणून यादीत येतं ते अचानक उसळलेलं. काल कुणी विचारत नव्हतं आणि आज सगळे विचारतायत, ते. शिवाय किती लोकांनी शोधलं हा आकडा ट्रेंड्स देतच नाही. शून्य ते शंभर अशी पट्टी असते. शंभर म्हणजे शंभर माणसं नव्हेत. तो शब्द त्या काळात सगळ्यात उंच जिथे पोचला, तिथे शंभर. वाढ पाच हजार टक्क्यांच्या वर गेली की टक्के लिहायचेही सोडून देतात, नुसतं ‘ब्रेकआउट’ लिहितात.

एवढा फंडा कळला की बाकी काम सोपं. क्रिकेट, सिनेमा, निकाल, कुणाचं तरी लग्न, कुणाचा तरी घटस्फोट. आयपीएलच्या दिवसांत तर मी झोपेतही कॉलम लिहिला असता.

पण मधूनच एखादी यादी तुमची कॉलर धरते. गूगलने २०२० साली भारताची ‘हाऊ टू’ची यादी काढली, त्यात पहिल्या नंबरावर काय होतं माहितीये? पनीर घरी कसं करायचं. डालगोना कॉफीही होती. सगळा देश घरात अडकलेला आणि दूध फाडतोय. आमच्याकडेही फाडलं होतं, रबरासारखं झालं. मग २०२१ ची यादी आली. तिच्यात होतं ऑक्सिजन लेव्हल कशी वाढवायची, घरी ऑक्सिजन कसा बनवायचा. मी तेव्हा नुकताच मास कॉमची डिग्री घेऊन बाहेर पडलो होतो आणि मनात आलं होतं, आपल्याला हजार शब्दांत जमणार नाही ते इथे चार शब्दांत आहे. हा कॉलम मी पुढे एवढ्या कमी पैशांत घेतला, त्याचं कारण बहुतेक तेच.

आता नोव्हेंबर २०२३ मधल्या त्या आठवड्याकडे येतो.

तुम्हाला आठवत असणारच. दिवाळीच्या दिवशी, १२ तारखेला, उत्तरकाशीला सिल्क्यारा बोगदा खचला आणि ४१ कामगार आत अडकले. १५ तारखेला वानखेडेवर सेमीफायनल, कोहलीचं पन्नासावं वनडे शतक, सचिनच्या ४९ च्या पुढे, आणि त्याच मॅचमध्ये शमीच्या सात विकेट. मग रविवारी, १९ तारखेला, अहमदाबादला फायनल. त्याबद्दल न बोललेलंच बरं. ट्रॅव्हिस हेड, १३७. बस!

मॅच संपली तेव्हा बाबांनी टीव्ही बंद केला आणि एक शब्दही न बोलता उरलेला चिवडा डब्यात भरून ठेवला. आई आधीच झोपायला गेली होती. मी लॅपटॉप उघडला. सुतकी वातावरणात चुरचुरीत इंट्रो लिहायचा होता. डोकं चालेना. मग एक आयडिया सुचली. देशाने काय शोधलं ते नेहमीचंच, या वेळी शेजारी स्वतःची यादी टाकू. ‘देश विरुद्ध मी’. सॉलिड टाइमपास होईल. म्हणून मी माझ्या अकाउंटची सर्च हिस्टरी उघडली.

होतीच गंमत. ‘ट्रॅव्हिस हेड वय’. ‘पेमेंटची आठवण करणारा मेल नम्र भाषेत’ (तीनदा, वेगवेगळ्या शब्दांत). ‘सिल्क्यारा बोगदा नकाशा’. ‘डोंबिवली बिर्याणी रात्री’. आणि त्याच्या खाली, इंग्रजी अक्षरांत लिहिलेलं मराठी: ‘काखेजवळ गाठ दुखत नाही’. सोमवार, पहाटे तीन वाजून बारा मिनिटं.

मी हे शोधलेलं नव्हतं.

कळायला अर्धं मिनिट लागलं. आईला घेऊन दिलेला टॅब! घाईघाईत मी त्यात माझाच आयडी टाकला होता, तिला वेगळा काढून देतो म्हणालो होतो आणि विसरलो होतो. त्यामुळे माझ्या यूट्यूबवर अळूवडीच्या रेसिपी यायच्या आणि तिच्या टॅबवर माझे स्टॅन्ड-अप कॉमेडीवाले. ‘कसले रे हे वाह्यात लोक’ म्हणून तिने एकदा विचारलंही होतं. आम्ही दोघं हसलो होतो आणि ते तसंच राहिलं.

मी खाली खाली जात राहिलो. ‘छातीत गाठ’. ‘छातीत गाठ घरगुती उपाय’. ‘गाठ आपोआप जाते का’. ‘मॅमोग्राफी खर्च’. ‘मॅमोग्राफी दुखते का’. पुन्हा ‘मॅमोग्राफी खर्च’. बुधवारी, कोहलीचं शतक झालं त्याच्या आसपास, मी आणि बाबा हॉलमध्ये बोंबलत होतो तेव्हा: ‘लेडी डॉक्टर गाठ तपासणी’. ती आतल्या खोलीत होती. मधे भिंत नाही, पडदा आहे.

एक गोष्ट मला सगळ्यात जास्त लागली. आमच्या घरात स्तन हा शब्द मोठ्याने उच्चारलेला मी कधी ऐकलेला नाही. तुमच्याकडेही नसेल. पण पहाटे तीनला, एकटीने, मशीनसमोरसुद्धा तिने तो लिहिला नव्हता. ‘छाती’ लिहिलं होतं. मी तोच शोध मारून बघितला. कफ, ॲसिडिटी, हार्ट अटॅकची लक्षणं. सर्च इंजिनला काय कळणार, छाती म्हणजे आईला कुठे म्हणायचंय! चौथ्या दिवशी तिला ‘मॅमोग्राफी’ हा शब्द कुठून मिळाला कोण जाणे, तिथून पुढे तिचे शोध नीट व्हायला लागले होते.

मी ट्रेंड्सवाला माणूस. अशा वेळीही डोक्यात काय आलं तर ट्रेंड्सचे नियम. एकाच माणसाने थोड्या वेळात तोच शोध पुन्हा पुन्हा केला तर ट्रेंड्स ते गाळून टाकतं. फार कमी लोकांनी शोधलेलं असेल तर पट्टीवर शून्य दाखवतं. ‘ब्रेस्ट कॅन्सर’ या शब्दाचा आलेख अमेरिकेत दर ऑक्टोबरला वर जातो, कारण तो जागृतीचा महिना असतो, गुलाबी रिबिनी असतात. नोव्हेंबरात तो खाली येतो. आई नोव्हेंबरात शोधत होती.

कॉलम मी पाठवला. अकरा बावन्नला. शमी, कोहली, बोगदा, हेड, सगळं होतं. दोन विनोदही होते. ‘देश विरुद्ध मी’ अर्थातच नव्हतं.

मग बाल्कनीत जाऊन नाशिकला ताईला फोन लावला. ती झोपेतून उठली, सगळं ऐकलं, आणि म्हणाली, ‘मी येतेय उद्या. पण दवाखान्यात तू जायचंस तिच्याबरोबर. वाट बघत बसायला तुझ्याएवढं रिकामं कोण आहे घरात?’ फ्रीलान्सिंगबद्दल इतकं अचूक कुणी बोललेलं नाही.

सकाळी आई चहा गाळत होती. मी तिच्या पाठीकडे बघत म्हटलं, ‘आई, टॅबवर तू जे शोधतेस ना, ते मला दिसतं.’

गाळणी थांबली. ‘सगळं?’

‘सगळं.’

‘म्हणजे त्या मालिकेत ती मरते का, ते पण?’

‘ते पण.’

ती जरा हसली. मग गॅस बंद करून ओट्याला टेकली. म्हणाली, ‘बाबांना नको सांगूस इतक्यात.’ मी विचारलं, मला का नाही सांगितलंस? ‘अरे, तू सारखा त्या लॅपटॉपमध्ये. म्हटलं, मॅचेस संपू देत.’

मॅचेस संपू देत... यावर मला काहीच सुचलं नाही. मी चहा घेतला.

पुढचे दिवस पटकन सांगतो, कारण ते तसे नव्हते आणि मला पुन्हा त्यात जायचं नाहीये. ताई आली. मॅमोग्राफी झाली, सोनोग्राफी झाली. काउंटरवरच्या मुलीने विचारलं, ‘कसली तपासणी?’ आणि मी, मास कम्युनिकेशनची डिग्री घेतलेला माणूस, रांगेतल्या सहा लोकांसमोर अडखळलो. आईच मागून म्हणाली, ‘ब्रेस्टची.’ इंग्रजीत सोपं जातं. वेटिंग रूममध्ये बायका होत्या, काहींच्या डोक्याला स्कार्फ होते. नवरे मोबाइलमध्ये फायनलची हायलाइट्स बघत होते. रिपोर्टची वाट बघताना मी एकदाही काही सर्च केलं नाही. तसं आईने बजावलंच होतं: ‘माझं वाचून झालंय, तू नको वाचूस.’

पाण्याची गाठ निघाली. डॉक्टरांनी सुईने पाणी काढलं, सहा महिन्यांनी पुन्हा दाखवायला सांगितलं, आणि जाता जाता थोडं रागावल्या, ‘दुखत नाही म्हणून घरी बसायचं नसतं हो!’ रिक्षात आईने फक्त एवढंच विचारलं, ‘किती झाले रे एकूण?’ बाबांना संध्याकाळी सांगितलं. ते ‘हं’ म्हणाले आणि बराच वेळ देवघरात जाऊन बसले. बाहेर आले तेव्हा म्हणाले, ‘मला का नाही दिसत तुमच्या टॅबवरचं?’ त्या दिवशी त्या खोलीत बसलेल्या सगळ्यांचा रिपोर्ट असा आलेला नसणार, हेही मला माहितीये.

कॉलम पुढे काही महिने चालला, मग वेबसाइटने सेक्शनच बंद केलं. त्या काळात माझी एक सवय लागली. यादी बघताना दहाव्या नंबराच्या खाली काय असेल याचा विचार यायचा, आणि इंट्रो लिहायला उशीर व्हायचा. एडिटरना हे कारण मी कधी दिलं नाही.

आईला मी नवा आयडी काढून दिला. प्रायव्हसी वगैरे समजावून सांगितलं. तिने नीट ऐकून घेतलं, पासवर्ड कालनिर्णयच्या मागे लिहिला आणि जानेवारीत कॅलेंडर बदललं तेव्हा तो रद्दीत गेला. त्यामुळे टॅब पुन्हा माझ्याच अकाउंटवर आहे. मी हिस्टरी उघडत नाही. म्हणजे फारशी उघडत नाही. गेल्या आठवड्यात उघडली तर ‘अळूची पाने खाजू नयेत म्हणून’ आणि ‘गुडघेदुखी व्यायाम’ यांच्या मधे, भर दुपारी दोन वाजता, एक शोध होता:

‘फ्रीलान्स म्हणजे नोकरी असते का’.