टाळी आणि कात्री

मंडळातील ज्येष्ठांना संगणकावर मराठी लिहिता यावे, म्हणून इन्स्क्रिप्ट कळफलकाचे धडे चित्रमुद्रित करण्याचे काम आम्ही दोघांनी अंगावर घेतले. आरंभी जीभ वा बोट अडखळले की आम्ही सारे पुसून पहिल्यापासून बोलू लागत असू. आठ मिनिटांच्या धड्यात अख्खी संध्याकाळ सरे आणि अखेरचा आवाज थकलेला, काहीसा रागावलेलाच येई.

पुढे टाळीची युक्ती सापडली. चुकले तरी मुद्रण थांबवायचे नाही. क्षणभर गप्प राहून एक टाळी वाजवायची आणि वाक्य मुळापासून पुन्हा म्हणायचे. ध्वनीच्या आलेखात टाळीचा सुळका लगेच दिसतो; तेथे कात्री लावली की झाले. माऊसचा बाण मात्र पूर्वीच्या जागी नेऊन ठेवावा, नाहीतर जोडाच्या ठिकाणी तो बेडकासारखा उडी मारतो.

आमचे धडे निर्दोष दिसू लागले आणि तेथेच घोटाळा झाला. मंडळातील एका मावशींचे वडील लष्कराच्या भटारखान्यात आचारी होते. त्यांच्या आठवणी स्वहस्ते लिहायच्या, हा मावशींचा हट्ट. ‘आचाऱ्यांना’ लिहू जाता दर वेळी ‘आचार्यांना’ उमटे. दोन आठवडे त्यांनी कळफलकाला हात लावला नाही. फोनवर म्हणाल्या, “तुमची बोटं कधी चुकतच नाहीत, बाबा. माझीच बिघडलीत.”

तोच शब्द आमच्याकडून तीनदा चुकला होता. तिन्ही वेळा टाळी वाजवून आम्ही तो कापला होता!

तो धडा पुन्हा मुद्रित केला. र, हलन्त, य, काना, उमटला रफार. “चुकलो,” असे मोठ्याने म्हणालो. बॅकस्पेस चार वेळा दाबली. दर वेळी अक्षराचा एकेक भाग गळताना दिसला. मग शिफ्टसह जे दाबून ऱ घेतला आणि पुढचे पूर्ण केले.

सगळ्याच चुका अशा ठेवण्याजोग्या नसतात. एका धड्यात आम्ही कळच चुकीची सांगितली, आणि ते कळले प्रसिद्धीनंतर. यूट्यूबवर त्याच दुव्याखाली नवी फीत बसवता येत नाही. खाली दुरुस्ती लिहिली, नवा धडा केला. पण जुना दुवा कोणाकोणाकडे पोहोचला असेल, हा विचार अजून बोचतो.

मावशींचे पहिले पान गेल्या महिन्यात आले. ‘आचाऱ्यांना’ चार ठिकाणी अचूक. पाचव्या ठिकाणी ‘आचार्यांना’. आम्ही विचारले, तर हसून म्हणाल्या, “तेवढं राहू दे. दादांना शोभतं ते.”