जीर्णोद्धार झालेली मोटार विकताना

अंधेरी-बोरिवलीच्या रस्त्यांवर ‘एमजी’ नावाच्या नव्या मोटारी आज सर्रास दिसतात. या नावाचा उगम ऑक्सफर्डच्या ‘मॉरिस गॅरेजेस’मध्ये आहे. तेथील व्यवस्थापक सेसिल किंबर यांनी १९२० च्या दशकात वेगवान, आटोपशीर गाड्या घडवण्यास प्रारंभ केला. १९४५ ते १९४९ या काळात निघालेली ‘एमजी टीसी’ ही त्या परंपरेतील नामांकित मोटार. दोन आसने, दुमडता येणारा कापडी टप, तारांची चाके आणि १२५० सीसीचे इंजिन. अशा जेमतेम दहा हजार गाड्या तयार झाल्या.

या गाडीचे एक वैशिष्ट्य खरेदीदाराच्या सहसा ध्यानात येत नाही. बाहेरील पत्र्याच्या आत तिचा सांगाडा लाकडी असतो. मुंबईच्या दमट, खाऱ्या हवेत पत्रा गंजतो, तसे लाकूडही कुजते. वरून आरशासारखा रंग दिला, तरी आतील लाकूड बदलले आहे की केवळ झाकले आहे, हे रंग सांगत नाही. ते मालकालाच ठाऊक असते.

घाटकोपर किंवा मुलुंडच्या जुन्या इमारतीचा पुनर्विकास ठरतो, अंगणातील शेड जाते आणि वडिलांनी वर्षानुवर्षे जपलेली अशी गाडी विकण्याचा प्रसंग मुलांवर येतो. कपाटातील बिलांची बेरीज करून त्यावर ममतेचे व्याज चढवले जाते. परंतु झालेला खर्च म्हणजे किंमत नव्हे. जाणकार खरेदीदार गाडीच्या मूळपणाचे मोल देतो. चॅसी व इंजिनावरील क्रमांक जुन्या नोंदींशी ताडून पाहतो.

कायद्याची दृष्टीही हीच आहे. २०२१ च्या केंद्रीय नियमांनुसार, पहिल्या नोंदणीपासून पन्नास वर्षांहून जुने आणि मूळ स्वरूपात राखलेले वाहन ‘व्हिंटेज’ ठरते. चॅसी, बाह्य सांगाडा वा इंजिन यांत मोठा फेरबदल झालेला नसावा. नव्या नोंदणीचे शुल्क २०,००० रुपये, पुनर्नोंदणीचे ५,००० रुपये, मुदत दहा वर्षे. अशी गाडी प्रदर्शन, रॅली, इंधन व देखभाल अशा कारणांपुरती रस्त्यावर आणता येते. नित्य वापरासाठी नाही. तिची खरेदी-विक्री मात्र करता येते.

म्हणून विक्रीपूर्वी मालकाने तीन याद्या कराव्यात: मूळ काय राहिले, दुरुस्त काय केले, बदलले काय. इंजिन दुसरे असेल, तर ते पहिल्या भेटीतच सांगावे. भाव थोडा उतरेल. पण पुढे एखाद्या मेकॅनिकने ते शोधून काढले, तर गाडीच्या किमतीहून मोठी वस्तू, म्हणजे घराण्याचा शब्द, गमावला जाईल. पेढीवर हलका माल भारी म्हणून न विकणाऱ्याने घरच्या गाडीला वेगळे माप लावू नये.

पैसे हाती आले म्हणजे व्यवहार संपला, असेही नाही. २९ व ३० क्रमांकांचे अर्ज परिवहन कार्यालयात वेळेत दाखल व्हावेत. नाव बदलेपर्यंत अपघाताच्या भरपाईची जबाबदारी नोंदणीकृत मालकावर येऊ शकते.

मंदिराचा जीर्णोद्धार होतो, तेव्हा कोणते दगड जुने आणि कोणते नवे, हे विश्वस्तांना माहीत असते आणि विचारणाऱ्याला ते सांगतात. मोटारीच्या बाबतीत तेवढीच अपेक्षा आहे. वडिलांच्या बिलांची फाइल गाडीसोबत नव्या मालकाच्या हाती द्यावी. त्यांचे कष्ट त्या कागदांमध्येच खरे दिसतात.