गाठ आणि सुईची भीती

"गाठीला सुई लावली की ती चिघळते आणि अंगभर पसरते," हे वाक्य आम्ही नळावर ऐकले, लग्नाच्या मांडवात ऐकले आणि मयतालाही ऐकले. कचेरी सुटल्यावर वस्तीतल्या आजाऱ्यांना सरकारी दवाखान्यात नेण्याचे काम आम्ही अनेक वर्षे करतो. रांगेपेक्षा आणि पैशापेक्षाही ही एक समजूत माणसाला जास्त अडवते, असा आमचा अनुभव आहे.

गेल्या वर्षी आमच्या शेजारच्या मावशींच्या मानेवर सुपारीएवढी गाठ आली. दुखत नव्हती, म्हणून तीन महिने त्यांनी ती पदराखाली झाकली. डॉक्टरांनी बायोप्सी लिहून दिली, तर चिठ्ठी पिठाच्या डब्याखाली गेली. "भाऊ, माझ्या नणंदेला सुई लावली आणि चार महिन्यांत ती गेली," त्या म्हणाल्या. आम्ही विचारले, "सुई लावली तेव्हा गाठ किती दिवसांची होती?" दीड वर्षाची. छातीतली गाठ फुटून वाहू लागली तेव्हा कुठे तिला दवाखान्यात नेले होते. मग तिला सुईने मारले की त्या दीड वर्षाने? मावशी गप्प बसल्या. दुसऱ्या दिवशी निघाल्या.

चाचपून डॉक्टरांना गाठ केवढी, मऊ की घट्ट, हलते की चिकटलेली, एवढे कळते. सोनोग्राफीत ती पाण्याची की भरीव ते दिसते. पण गाठ कशाची, हे बहुतेक वेळा आतल्या पेशी सूक्ष्मदर्शकाखाली पाहिल्याशिवाय नक्की ठरत नाही. कधी बारीक सुईने पेशी ओढतात, कधी जागा बधिर करून जाड सुईने तुकडा घेतात, कधी गाठच काढतात. सुईमुळे कॅन्सर पसरल्याची उदाहरणे फार विरळ. आणि जिथे तो धोका मानतात, जसे पुरुषाच्या अंडाची गाठ, तिथे डॉक्टर सुई न लावता ते अंडच काढून तपासायला पाठवतात.

मावशींची गाठ क्षयाची निघाली. आपल्याकडे मानेच्या गाठीमागे क्षय पुष्कळदा असतो. पण हे नाव ऐकून मावशी आणखीच घाबरल्या, धुण्याभांड्याची घरे सुटतील म्हणून! त्यांच्या फुफ्फुसात क्षय नव्हता. नुसत्या गाठीचा क्षय खोकल्यातून दुसऱ्याला लागत नाही, हे डॉक्टरांनी त्यांच्या मुलालाही बसवून समजावले. सहा महिन्यांच्या गोळ्या सरकारी केंद्रातून फुकट मिळाल्या.

तुकड्याची बाटली बऱ्याचदा नातेवाइकांच्याच हातात देतात, तेव्हा एक पाहावे. पेशी तपासायचा तुकडा फॉर्मालिनमध्ये ठेवतात. त्यात क्षयाचे जंतू मरतात, म्हणून जंतू वाढवून पाहायला दुसरा तुकडा सलाइनच्या बाटलीत लागतो. क्षयाची शंका असेल तर दोन्ही बाटल्या आहेत का, हे तिथेच विचारावे. रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू असतील तर आधी सांगावे. कॅन्सर निघाला तर रिपोर्टाबरोबर काचपट्ट्या आणि मेणाचा ठोकळाही मागून घ्यावा; परळच्या टाटा रुग्णालयात गेलात तरी ते मागतात. आम्ही कारकून माणसे, कागद जपायची खोड आहे. मावशींचा रिपोर्ट आमच्याच फायलीत लावलेला आहे.