पियानो आणि पावसाळा

मुलांना एखादी कला शिकवावयाची असें घरांत ठरलें, म्हणजे शिक्षक कोण, वेळ कोणती, फी किती, या प्रश्नांचा निकाल पालक मोठ्या उत्साहानें लावतात. परंतु ज्या वाद्यावर मुलानें रोज बसावयाचें तें कोणतें व कोठून आणावयाचें, हा प्रश्न बहुधा शेवटीं निघतो आणि सर्वांत महाग तोच पडतो. पेटी-तबल्याच्या बाबतींत त्याचें कांहीं वाटत नाहीं. पेटी बहुतेक घरांतून माळ्यावर असतेच. नसली तर शेजारीं असते. सतारीसाठीं मिरजेची वाट आपल्या लोकांना ठाऊक आहे. पण आमच्या दहा वर्षांच्या कन्येनें पियानो शिकण्याचा हट्ट धरला, तेव्हां अष्टागरांतल्या आमच्यासारख्या नारळी-पोफळीच्या वाडीवाल्यांनीं याविषयीं विचारावें कोणाला, हेंच प्रथम समजेना.

पियानो म्हटलें कीं आमच्या डोळ्यांपुढें चित्रपटांतल्या श्रीमंताचा दिवाणखाना उभा राहतो. १९४९ सालच्या ‘अंदाज’मध्यें दिलीपकुमार पियानोवर बोटें फिरवीत गातो, तेव्हांपासून हें शिकण्याचें वाद्य नसून बंगल्यांतलें सामान आहे, अशी आपल्यांतील पुष्कळांची समजूत झालेली आहे. वस्तुतः शेजारच्या गोव्यांत चर्चच्या शाळांतून साध्यासुध्या घरांतल्या मुलांना पिढ्यान्‌पिढ्या स्वरलेखन व वाद्यवादन शिकविलें गेलें, आणि हिंदी चित्रपटांच्या वाद्यवृंदांतले कितीतरी वादक त्या मुलांतूनच निघाले. तेव्हां ही विद्या श्रीमंतांचीच आहे असें मुळींच नाहीं. वाद्य मात्र खर्चाचें आहे, आणि समुद्रकांठीं तर अधिकच.

सुदैवानें मुंबईस पुष्कळ वर्षें पियानो शिकवून आतां अलिबागेजवळ येऊन राहिलेल्या एक बाई आम्हांस भेटल्या. मुलें त्यांना ‘टीचर’ म्हणतात. आम्हीही तसेंच म्हणतों. त्यांची अट एकच होती. घरीं रोज अर्धा तास बसावयास वाद्य असेल तरच मुलीला पाठवा. आठवड्यांतून एकदां माझ्याकडे येऊन बोटें हालविल्यानें कांहीं व्हावयाचें नाहीं.

हें ऐकून आमच्या मातुश्री म्हणाल्या, “अरे, मग घरांत पेटी आहे ना? तीवर शिकूं दे. पट्ट्या त्याच, काळ्या आणि पांढऱ्या.” मातुश्रींनीं लग्नापूर्वीं गांधर्व महाविद्यालयाच्या परीक्षा दिलेल्या असल्यामुळें संगीताच्या बाबतींत घरांत त्यांच्या शब्दाला मान आहे, आणि त्यांचें म्हणणें वरवर पाहतां बिनतोडही होतें. परंतु पेटीची गोष्ट अशी कीं, पॅरिसच्या अलेक्झांद्र दबेन यानें १८४२ सालीं जिचें पेटंट घेतलें ती मूळची हार्मोनियम पायानें भाता मारून वाजवावयाची होती. मांडी घालून बसणाऱ्या आपल्या लोकांसाठीं कलकत्त्याच्या द्वारकानाथ घोष यांनीं हातपेटी प्रचारांत आणली, तेव्हांपासून डावा हात भात्याकडे गुंतला. गायकाची साथ करावयास एक हात पुरतो. पियानोला दोन्ही लागतात. नाटकमंडळ्यांचा ऑर्गन पायानें चाले हें खरें, पण दुसरी अडचण त्यांतही आहेच. पेटींत किंवा ऑर्गनांत पट्टी हळू दाबली काय नि जोरानें दाबली काय, पितळी सुराला त्याचें सोयरसुतक नसतें. आवाज लहानमोठा होतो तो वाऱ्याच्या जोरानें. पियानोंत प्रत्येक पट्टीमागें नमद्यानें मढविलेली हातोडी असते, ती तारेवर आपटते, आणि बोटाचा जोर जसा असेल तसा नाद निघतो. इटलींत बार्तोलोमेओ क्रिस्तोफोरी यानें १७०० च्या सुमारास हें यंत्र रचलें तें यासाठींच, आणि वाद्याचें नांवही ‘हळू’ व ‘मोठ्यानें’ या अर्थाच्या इटालियन शब्दांवरून पडलें. हा जोर मोजावयास बोटांना शिकविणें, हाच पहिल्या वर्षाचा मुख्य पाठ असतो, असें टीचर म्हणाल्या. पेटी बाद झाली. दुकानांत मिळणारा हलक्या पट्ट्यांचा लहान कीबोर्डही याच कारणानें बाद झाला.

मग भाड्याचा विचार निघाला. मूल पुढें शिकेल कीं नाहीं याची खात्री नसतां मोठी रक्कम कशास अडकवा, हा व्यवहार कोणालाही पटण्यासारखा आहे. मुंबईंत पियानो भाड्यानें मिळतो. आम्हीं चौकशी केली, तेव्हां एका दुकानदारानें शहराबाहेर वाद्य पाठवीत नाहीं म्हणून सांगितलें. दुसऱ्यानें होकार दिला, पण अनामत तुमची, नेण्याआणण्याचा खर्च तुमचा, आणि परत घेतांना वाद्य जसें दिलें तसेंच मिळालें पाहिजे, अशा अटी घातल्या. साध्या उभ्या पियानोचें वजनही दोनशें किलोंच्या वर असतें. २०२० सालापासून भाऊच्या धक्क्यावरून मांडव्यास मोटारी नेणारी रो-रो बोट सुरू झाली आहे, त्यामुळें टेंपोंत घालून वाद्य आणणें पूर्वींइतकें कठीण राहिलेलें नाहीं. खरी अडचण शेवटच्या अटीची होती. जसें दिलें तसें, हें वचन येथल्या एका पावसाळ्यानंतर कोणता सच्चा माणूस देऊं शकेल?

पियानोच्या पोटांत सुमारें सव्वादोनशें पोलादी तारा असतात, आणि त्या साऱ्यांची मिळून ओढ अठरा-वीस टनांची असते. ही ओढ ओतीव लोखंडी सांगाडा सोसतो. पण आवाज मोठा करते ती मागची पातळ लांकडी फळी. हवेंत दमटपणा वाढला कीं ही फळी फुगते, तारा ताणल्या जातात, सूर चढतात. कोरड्या हवेंत तेच उतरतात. आमच्याकडे जूनपासून चार महिने हवा ओलीचिंब असते, आणि बाराही महिने समुद्राचें मीठ घेऊन येते. तारांना गंज चढतो, नमद्याला कसर लागते, पट्ट्या फुगून खालीं बसल्या कीं वर येत नाहींत. शहरांत वर्षांतून दोनदां ट्यूनर बोलावला कीं भागतें. येथें ट्यूनर मुंबईहून यावयाचा, आणि गेटवेहून मांडव्यास येणाऱ्या लाँची ऐन पावसाळ्यांत बंद असतात. म्हणजे वाद्य बिघडावयाचे महिने तेच आणि माणूस यावयास कठीण तेही महिने तेच.

विकत घ्यावयाचें म्हटलें तर नव्या उभ्या पियानोला तीन लाखांच्या वर रुपये पडतात. ३ जून २०२० रोजीं ‘निसर्ग’ वादळ या किनाऱ्यावर आलें, तेव्हां आमच्या वाडींतल्या निम्म्याहून अधिक पोफळी आडव्या झाल्या. नवी पोफळ लावली तर सुपारी हातीं यावयास सहा-सात वर्षें लागतात. ज्यांच्या वाड्या आहेत त्यांना हा हिशेब सांगावयास नको. तेव्हां तीन लाख हा आंकडा आमच्या घरांत दुसऱ्यांदां उच्चारला गेला नाहीं.

या सर्व बोलण्यांत कन्या गप्प बसून होती. भाड्याचा विषय पुन्हां निघाला तेव्हां ती एकदम म्हणाली, “बाबा, भाड्यानें आणायचं म्हणजे मी सोडून देणार असं तुम्ही आधींच ठरवलंय ना?” या प्रश्नावर आम्हांस बराच विचार करावा लागला. भाड्याच्या वाद्यापुढें बसणारें मूल परीक्षेला बसल्यासारखें असतें, हें तिनें बरोबर ओळखलें होतें. पण लाखांचें वाद्य विकत आणून ठेवलें तर ओझें कमी होतें असेंही नाहीं. ज्या दिवशीं तिला कंटाळा येईल, त्या दिवशीं “एवढे पैसे घातले आणि तूं बसत नाहींस” हें वाक्य घरांतल्या कोणाच्या तरी तोंडून निघणारच. अशी वाक्यें ऐकत सतार, व्हायोलिन आणि चित्रकलेचे रंग टाकून दिलेलीं मुलें आम्हीं पाहिलीं आहेत. म्हणून आमच्यापुरतें असें ठरविलें कीं, जी रक्कम बुडाली तरी मुलीला कधीं एक शब्द बोलून दाखवावा लागणार नाहीं, तेवढीच या कामीं घालावयाची. मग तिला भाडें म्हणा कीं किंमत म्हणा.

इतक्यांत एक मोह आडवा आला. किहीम-आवासच्या बाजूस मुंबईकरांचे बंगले पुष्कळ आहेत. त्यांतल्या एका बंगल्याचे मालक घर रिकामें करीत होते. त्यांच्याकडून निरोप आला कीं जुना पियानो आहे, पैसे नकोत, फक्त उचलून न्या. कन्येनें त्याच संध्याकाळीं ओटीवरचा कोपरा झाडून ठेवला. घरांतील मंडळी म्हणूं लागली कीं फुकट मिळतें आहे तर पाहावयाचें काय? आम्हीं मात्र मुंबईहून एका ट्यूनरला जाण्यायेण्याचा खर्च देऊन बोलाविलें, आणि मुलीला घेऊन त्याच्याबरोबर गेलों.

बाहेरून वाद्य देखणें होतें. त्यानें खालची फळी काढली, तर आंत विजेच्या दिव्याचें एक होल्डर लोंबत होतें. पावसाळ्यांत आंत मंद दिवा जळत ठेवून लांकूड कोरडें ठेवण्याची ही जुनी युक्ति आहे, असें त्यानें सांगितलें. पूर्वींच्या कोणीतरी या वाद्याची काळजी घेतली होती. पुढें घर वर्षानुवर्षें बंद राहिलें, दिवा गेला, आणि उंदरांनीं नमद्याचें घरटें केलें. तारा तांबूस झाल्या होत्या. पण त्याहूनही वाईट म्हणजे तारा ज्यांवर गुंडाळतात त्या खुंट्या लांकडांत सैल फिरत होत्या. तंबोऱ्याची खुंटी सैल असली कीं काय होतें तें आपल्याला ठाऊक आहे; येथें तशा दोनशेंवर! कन्येनें एका बोटानें तिला येत असलेली एक लहानशी चाल वाजविली. ती ओळखूं येत होती इतकेंच.

“काका, तुम्ही लावून दिलात तर राहील ना सुरांत?” तिनें विचारलें.

“राहील बाळ. दोन दिवस.”

दुरुस्तीचा जो अंदाज त्यानें सांगितला तेवढ्यांत चांगल्या स्थितींतला जुना पियानो मुंबईंत मिळाला असता. आम्हीं नकार कळविला. कन्या दोन दिवस आमच्याशीं बोलली नाहीं, आणि तो कोपरा झाडलेलाच राहिला. आम्हांस वाईट वाटलें. पण मुलाचा कान घरांत जें वाजतें त्यावरच तयार होतो, आणि एकदां वांकडा झालेला कान सरळ करणें गळा सुधारण्यापेक्षां कठीण आहे. या वेळीं मातुश्रींनींच आमची बाजू घेतली. “उतरलेल्या तंबोऱ्यावर कोणाचा गळा तयार झालाय कधीं?” एवढेंच त्या तिला म्हणाल्या. पेटीचा विषय त्यांनीं पुन्हां काढला नाहीं.

अखेर टीचरच्या सल्ल्यानें डिजिटल पियानो घेतला: पूर्ण ८८ पट्ट्यांचा, आणि ज्याच्या पट्ट्यांना खऱ्या पियानोसारखा जडपणा दिलेला आहे असा. असे पियानो चाळीसपासून साठ हजारांपर्यंत मिळतात. त्याला तारा नाहींत, म्हणून ट्यूनर नको. सूर आषाढांत आणि माघांत सारखाच. नाद खऱ्या लांकडासारखा भरदार नाहीं, हें कोणीही सांगेल. शिवाय तो विजेवर चालतो, आणि ‘निसर्गा’नंतर या किनाऱ्यावरचीं कितीतरी गांवें अनेक दिवस अंधारांत होतीं, हें आम्ही विसरलेलों नाहीं. खाऱ्या हवेनें आंतले सांधे त्याचेही कुजूं शकतात. म्हणून वाजवून झालें कीं सुती चादर घालावयाची आणि खिडकीजवळ ठेवावयाचा नाहीं, एवढें पथ्य आहे. पण बिघडला तर दोन माणसें उचलून मोटारींत घालतील, आणि मुलीनें सोडून दिला तर विकतांही येईल.

आल्या दिवशीं कन्या कानांवर हेडफोन घालून वाजवूं लागली. मातुश्रींनीं तो काढावयास लावला. घरांत वाद्य असून घराला ऐकूं येऊं नये, हें त्यांना पटेना. मग त्या जवळ बसून ऐकूं लागल्या आणि आठवड्याभरांत म्हणाल्या, “अरे, हिचा गांधार जरा चढा लागतोय.” त्यांचा कान खोटा नाहीं. षड्ज-गांधाराचें स्वाभाविक प्रमाण चारास पांच असें आहे. पियानोंत कोणत्याही पट्टीचा षड्ज धरतां यावा म्हणून सप्तकाचे बारा भाग अगदीं सारखे पाडलेले असतात, आणि त्यांत गांधार अर्ध्या स्वराच्या सुमारें सातव्या हिश्शाइतका वर जातो. हातपेटीवरही हाच आक्षेप होता. १९४० सालीं रेडिओनें पेटीला बंदी केली आणि ती सुमारें तीस वर्षें टिकली, त्यामागच्या कारणांत हेंही एक होतें. मातुश्री हल्लीं नातीला संध्याकाळीं तंबोऱ्यावर गांधार लावावयास बसवितात. दोन गांधार कानांत सुखानें नांदूं शकतील कीं नाहीं, याविषयीं त्यांचें आणि टीचरचें मत एक नाहीं. कन्येला मात्र यांत कांहीं अडचण दिसत नाहीं.

शनिवारीं ती टीचरकडे जाऊन त्यांच्या खऱ्या पियानोवर वाजविते. त्याच्याही पोटांत पावसाळाभर दिवा लावलेला असतो. तरी जुलैंत दोन पट्ट्या फुगून अडकल्याच. ट्यूनर येईपर्यंत टीचरनीं शिकवणी आमच्याकडे ठेविली. मातुश्रींनीं त्यांना आल्याचा चहा आणि घारगे दिले, आणि शिकवणी आटोपल्यावर माळ्यावरची पेटी खालीं काढावयास सांगितली.